पाळीची गोळी

परवा दवाखान्यात एक नवी पोरगी भेटली, आदिती नावाची. समुपदेशक म्हणत्यात तिला. म्हणजे आमच्यासारख्या गोळ्या चालू असलेल्यांशी गोड बोलायचं, आणि गोड बोलत बोलत डोकं खायचं. मला म्हणली, “मावशी, बाहेरच्या देशांत आता सुई निघालीय. दोन महिन्यांतनं एकदा टोचून घ्यायची. रोजची गोळी बंद!”

“आपल्याकडं कवा?”

“सरकारी दवाखान्यात अजून नाही आली. येईल हळूहळू.”

“येऊ दे की. पोरासोरांना द्या. मला माझी गोळीच बरी.”

तिला वाटलं मावशी सुईला भ्याली. भ्यायला काय झालंय मला? टोचून टोचून अंगाची चाळण झालीया. पण गोळी तोंडात टाकताना मला रोज माझी सासू आठवत्या, आणि ते आठवणं कुणी दोन महिन्यांवर ढकललेलं मला चालणार न्हाय. हे त्या पोरीला कसं सांगायचं? मागं माणसं खोळंबलेली. म्हणून तुम्हाला सांगतो.

व्हय, ‘सांगतो’च. आमच्या कबनूर-इचलकरंजीकडं बायका ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलत्यात. पुण्याच्या माणसाला हसू येतंय, येऊ दे. माझं नाव महादेवी. मला एचआयव्ही हाय, पंचवीसेक वर्षं झाली, आणि मी तुमच्यापेक्षा धडधाकट हाय.

ब्याण्णव साली लगीन हुऊन मी कबनुरात आलो. माहेर चिकोडीकडचं. घरात कन्नड, गल्लीत मराठी आणि कारखान्यात नुसता मागांचा खडखडाट. नवरा, रुद्रेश, माग चालवायचा. त्याच कारखान्यात मी कांड्या भरायचो. कांडी म्हणजे मागाच्या धोट्यात बसत्या ती सुताची नळी. दिवसभर मशीनपुढं बसून त्या भरायच्या, आणि संध्याकाळपर्यंत केसांत सगळी कापसाची पिंज. घरी गेलं की सासू म्हणायची, “आली बघा म्हातारी. सकाळी चांगली काळ्या केसांची गेलती.”

कसले दिवस हुते ते! कारखान्यात बोललेलं काही ऐकू येत न्हाय, म्हणून तिथली माणसं ओठांवरनं बोलणं वाचायला शिकत्यात. रुद्रेश पार तिकडच्या टोकाच्या मागावरनं, आवाज न काढता, माझ्याशी बोलायचा. ‘चहा पितीस का?’ इथनं सुरुवात करायचा, आणि मग असलं काहीतरी म्हणायचा की लाजून माझ्या हातातनं कांडी सुटायची. सूत सगळं गुंत्यात. मालक वरडायचा. त्येला ओठ वाचता येत न्हवते, त्येला वाटायचं बाई कामाला कच्ची हाय. सुट्टीच्या दिवशी सायकलवरनं डबलसीट आम्ही पंचगंगेच्या घाटावर जायचो, भडंग खायचो. तिथं मात्र रुद्रेश वरडून बोलायचा. मागवाल्यांना सवयच असत्या ती. आमचा सगळा संसार घाटावरच्या म्हशींना तोंडपाठ हुता.

पाळी आठला बदलायची. सकाळी आठ, रात्री आठ. आम्ही कांडीवाल्या बायका मात्र अंधार पडायच्या आत सुटायचो. भोंगा झाला की एक पाळी सुटायची, दुसरी लागायची, आणि त्या भोंग्यावर सगळं गाव चालायचं. भाकरी कवा थापायची, पोराला कवा उठवायचं, कुणाच्या घरी कवा गेलं तर चहा मिळतोय, सगळं भोंग्यावर.

मग मंदी आली. निम्मे माग बंद. रुद्रेश कामासाठी वर्षभर बाहेरगावी गेला आणि परत आला ते खोकतच. अंगावरचं मांस झडायला लागलं. तपासण्या झाल्या, डॉक्टरांनी आम्हा दोघांना आत बोलावून दार लावून घेतलं. ‘कुठनं आणलंस हे?’ असं मी त्येला विचारलं का? विचारलं की! दोन दिवस भांडलो. भांडी आपटली. मग त्यो रडायला लागला, आणि रडणाऱ्या माणसाशी किती भांडणार? रागबी त्येचाच, मायाबी त्येचीच, दोन्ही घेऊन मी त्येची उशी बदलत राहिलो.

तवा ह्या दुखण्याची औषधं न्हवती असं न्हाय. हुती. पण मोठ्या शहरांत, मोठ्या डॉक्टरांकडं, आमच्यासारख्यांनी नावबी काढू नये अशी. घरी आम्ही सांगितलं, छातीचा टीबी. ते खोटं न्हवतं, टीबी हुताच. शेवटी शेवटी त्येचा आवाज गेला, नुसते ओठ हलायचे. नर्स विचारायची, काय म्हणत्यात हे? मी सांगायचो, पाणी मागत्यात. खरं तर त्यो म्हणायचा, ‘चहा पितीस का?’

दोन हजार एकच्या उन्हाळ्यात रुद्रेश गेला.

माझी तपासणी केली, मलाबी हेच. लेक सौंदर्या, तिची केली. तिला न्हाय. त्या कागदाला मी तिथंच डोकं टेकलं, लोकांनी बघितलं तर बघितलं.

आता सासूचं सांगतो. तिला आम्ही सगळी अव्वा म्हणायचो. बारीक चणीची, तोंडानं फटकळ, गळ्यात लिंग. सकाळी लिंगपूजा झाल्याशिवाय घोटभर पाणी न्हाय. राग आला की मराठी सोडून कन्नडवर यायची, आणि राग रोजच यायचा. पण माझ्याशी तिचं बरं हुतं. रुद्रेश गेल्यावर ‘माहेरी जा’ असं एका शब्दानं म्हणली न्हाय. मी कारखान्यात जायचो, ती घर आणि सौंदर्याला बघायची.

भीती मला वेगळीच हुती. मागच्या गल्लीत धोंडुबाई म्हणून एक हुती, तिला हेच दुखणं निघालं. आधी तिचं ताट-वाटी वेगळी केली. मग अंथरूण गोठ्यात. मग एक दिवस जीप बोलावून माहेरी. पोरं सासरच्यांनी ठेवून घेतली. ती जीपच्या मागच्या काचेला हात लावून बसलेली अजून दिसत्या मला. आणि अव्वा दारात उभी राहून म्हणली, “बरं केलं.”

बास. त्या दिवसापासनं मी ठरवलं, हे अव्वाला कळू द्यायचं न्हाय. कळलं की माझी सौंदर्या गेली. मरायचं भ्या न्हवतं एवढं, पण जितेपणी लेक सुटायचं लई हुतं.

दोन हजार सहाला सरकारी दवाखान्यात फुकट गोळ्या मिळायला लागल्या हुत्या. माझं वजन पार उतरलेलं. कारखान्यात सांगायचो ॲनिमिया. तिथल्या बाईनं मला गोळ्यांची डबी दिली आणि बजावलं, “बारा तासांनी एक. सकाळी एक, रात्री एक. जन्मभर. एकबी चुकवायची नाही, नाहीतर औषध लागू पडायचं थांबतंय. तुम्हाला कुठली वेळ लक्षात राहील?”

“आठ आणि आठ,” मी म्हटलं. “पाळी बदलत्या तवा.”

ती हसली. “मग ही तुमची पाळीची गोळी.”

तेच नाव पडलं बघा. भोंगा झाला की मी मनात म्हणायचो, चला बाई, पाळीची गोळी. डबी ठेवायचो ज्वारीच्या डब्यात, तळाला. हळूहळू अंगावर मांस आलं, तोंडाला चव आली, गालावर तुकतुकी. कारखान्यातल्या बायका म्हणायला लागल्या, महादेवीला नवं पाणी मानवलं. मलाबी आरशात बघायला बरं वाटायला लागलं.

आणि एक दिवस अव्वानं ज्वारी निवडायला घेतली.

मी कामावरनं आलो तर ती डबी हातात घेऊन बसलेली. “हे काय गं?”

काहीतरी बोलायचं म्हणून जे मनात रोज म्हणायचो तेच भस्सकन बाहेर आलं, “पाळीच्या गोळ्या.”

आता बघा, दुसऱ्या कुठल्या घरात हे खपून गेलं असतं. पूजा हाय, सण हाय, बायका पाळी लांबवायच्या गोळ्या घेत्यात की. शेजारची सुरेखा, जैनाची, दशलक्षण पर्वात मंदिरात जायचं म्हणून घ्यायचीच. पण आम्ही लिंगायत, आणि अव्वा पक्की. अंगावर लिंग असलेल्या बाईला इटाळ कसला, असं ती म्हणायची. पाळीतबी स्वतः पूजा करत आली, मलाबी करायला लावायची. त्या घरात विधवा सुनेला पाळीची गोळी लागतीय कशाला?

अव्वा काही बोलली न्हाय. डबी परत ठेवली. हेच मला खटकायला पाहिजे हुतं, कारण अव्वा गप्प बसली म्हणजे ढग दाटलेत. दुसऱ्या दिवशी ती सुरेखाकडं गेली आणि विचारलं, “पाळीच्या गोळ्या रोजच्या रोज घेतल्या तर काय हुतंय?” सुरेखा बिचारी सरळ. म्हणली, “रोज घेत असल्या तर त्या पोर हुऊ नये म्हणून असत्यात, काकी.”

झालं कल्याण.

संध्याकाळी अव्वानं मला पुढ्यात बसवलं आणि कन्नडमध्ये एकच शब्द विचारला, “यारु?” म्हणजे कोण.

मला वाटलं, गोळ्या कोण देतंय असं विचारत्या. म्हटलं, “सरकार.”

“कुठला सरकार?” अव्वा ताडकन उठली. “त्यो मालक? बायकोवाला?”

माझ्या डोक्यात उजेड पडला आणि मला हसावं का रडावं कळेना. “न्हाय अव्वा! तसलं काय न्हाय!”

“मग कोण? मी काय पोरगी हाय व्हय? तोंड बघ तुझं, कसं उजळलंय. नवरा मेलेल्या बाईचं तोंड उगच उजळतंय?”

काय सांगणार? गप्प बसलो. आणि ती माझ्या गप्प बसण्यातनं उत्तर शोधायला लागली.

बसवेश तिला त्यातनंच सापडला. बसवेश आमच्या कारखान्याचा जॉबर, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा. आमच्यातलाच, बायको बाळंतपणात गेलेली, हात कायम ग्रीसनं काळे. मी जेवणाचा डबा विसरलो की घरी आणून द्यायचा. अव्वानं तेवढं बघितलं आणि पक्कं धरलं. पुढच्या वेळी त्यो डबा घेऊन आला तर तिनं त्येला बसवून घेऊन पुरणाची होळगी वाढली, वर तूप. त्यो बावरला. मी चुलीपाशी मान खाली घालून. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालेलं.

आणि खरं सांगू? मला बसवेश आवडायचा. सांगतो की, आता काय लाज. त्येला ओठ वाचता यायचे, पण त्यो कधी मागाआडनं काही बोलला न्हाय. नुसता माझं मशीन बिघडायच्या आधीच तेल घालून जायचा.

दोन दिवसांनी संध्याकाळी अव्वा कुठंतरी जाऊन आली. बगलेत पिशवी. सौंदर्या शिकवणीला गेलेली, घरात आम्ही दोघीच. पिशवीतनं तिनं इरकल लुगडं काढलं आणि कॉटवर पसरलं, हिरवंगार, लाल काठ.

“उडकी करून टाकू,” ती म्हणली.

उडकी म्हणजे आमच्यातलं विधवेचं दुसरं लगीन. बँडबाजा न्हाय, वरात न्हाय. चार माणसं, एक लुगडं, झालं.

“मी बसवेशला विचारून आलो. त्यो व्हय म्हणालाय. लपूनछपून गोळ्या खाण्यापरास उजळ माथ्यानं नांदा. सौंदर्या माझ्यापाशी राहील, न्हायतर तुम्ही दोघं हितंच राहा. रुद्रेश गेला म्हणून तू का वाळायचं? मी बोलतो फटकळ, पण मला दिसतंय की गं. तू तरणी हाईस.”

असली सासू! शिव्या देईल, हाकलून काढंल असं मला वाटत हुतं, आणि ही माझ्यासाठी लुगडं घेऊन आलेली. लेकाच्या बायकोसाठी. एक क्षण असं वाटलं, घ्यावं ते लुगडं, गुंडाळावं अंगाला, आणि गप्प बसावं. बसवेशचे ते काळे हात डोळ्यांपुढं आले. आता ही आदिती सांगत्या की गोळ्या नीट चालू असल्या, रक्तातला व्हायरस दबलेला असला, की जोडीदाराला लागत न्हाय. तवा असलं कोण सांगत न्हवतं. तवा मला एवढंच ठाऊक हुतं की मी त्या भल्या माणसाला मारीन.

गप्प बसलं तर त्यो मरतोय. न्हाय म्हटलं तर अव्वा मला कायमची बदचाल समजत्या. खरं सांगितलं तर जीप, आणि जीपच्या मागच्या काचेला माझा हात.

बाहेर आठाचा भोंगा झाला.

मी उठलो. ज्वारीचा डबा उघडला, डबी काढली, तिच्या डोळ्यांसमोर गोळी तोंडात टाकली आणि पाणी प्यालो. मग म्हटलं, “अव्वा, ह्या पोर हुऊ नये म्हणून घ्यायच्या गोळ्या न्हाईत. पाळी म्हणजे कारखान्याची पाळी, आठाची. धोंडुबाईला जे झालं ना, ते मला हाय. त्येच्या गोळ्या हाईत ह्या.”

अव्वानं दार लोटून घेतलं. मग हळू आवाजात, तिचा असला हळू आवाज मी कधी ऐकला न्हवता, म्हणली, “आणि रुद्रेश?”

“त्येलाबी तेच. टीबी त्यातनंच आलेला.”

ती लुगड्यावर बसली. काठ चुरगाळला तरी तिला भान न्हाय. डबी माझ्या हातातनं घेतली, उलटीसुलटी केली. वाचता कुठं येत हुतं तिला.

“ह्या खाल्ल्या की माणूस जगतंय?”

“जगतंय अव्वा. मी जगतोय की.”

“मग त्येला का न्हाय दिल्या?”

“तवा सरकार देत न्हवतं.”

“कवापासनं देतंय?”

“त्यो गेल्यावर. तीन-चार वर्षांनी.”

“तीन-चार वर्षं,” अव्वा म्हणली. “तेवढ्यासाठी?”

आणि तिनं माझ्या थोबाडीत मारली. सणसणीत. मग माझंच डोकं ओढून आपल्या पोटाशी धरलं आणि वरडून रडली. रुद्रेश गेला तवाबी अशी रडली न्हवती. “मला सांगायचंस! मी दारोदार फिरून आणल्या असत्या! आई हाय मी त्येची! एकटी एकटी काय गिळत बसलीस गं तू!” निम्मं मराठी, निम्मं कन्नड. सुरेखा भिंतीपलीकडनं विचारत हुती, काकी, काय झालं? “काय न्हाय, कांदा चिरतोय!” अव्वा रडतच वरडली.

मी म्हटलं, “अव्वा, मला माहेरी पाठवायचं तर पाठवा. पण सौंदर्याला माझ्यापासनं तोडू नका.”

ती डोळे पुसता पुसता थांबली. “तू धोंडुबाईचं बोलत्यास?”

“तुम्हीच म्हणलेलं, बरं केलं.”

“म्हणलो असंल. मला काय ठाऊक, माझ्याच घरात हाय ते.” अव्वानं नाक पदराला पुसलं. मग तिनं लुगडं उचललं, घडी घालायला लागली, आणि एकदम तिचा तो नेहमीचा दरडावणीचा आवाज आला. “हे बघ. बसवेशला मी सांगतो, पोरगी न्हाय म्हणत्या. का ते त्येला सांगायची गरज न्हाय. आणि तू, कान उघडून ऐक. ह्या घरातनं आता फुडं जायचा नंबर माझा हाय. माझा लेक मधी घुसला, त्येला मी अडवू शकलो न्हाय. तू घुसायचं न्हाईस. समजलं? रांगेत उभं राहायचं.”

“व्हय,” म्हटलं.

बसवेशनं पुढं वारणानगरकडची एक मुलगी केली. लग्नाला आम्ही दोघी गेलतो. अव्वानं मला पहिल्या पंगतीला बसवलं, गोळ्या खाणाऱ्या बाईला जेवण नीट मिळावं म्हणून. गोळीचं कळल्यापासनं भोंग्याच्या आधीच पाण्याचा तांब्या घेऊन ती माझ्यापुढं उभी असायची. मी एखाद्या लग्नाकार्यात असलो तर भर मांडवात, “महादेवी, आठ वाजले!” माणसं दचकायची. सौंदर्या लाजून मरायची.

दोन हजार नऊच्या श्रावणात अव्वा गेली, म्हातारपणानं, झोपेत. आमच्या रिवाजाप्रमाणं तिला मांडी घालून बसवलं, कपाळाला विभूती लावली, गळ्यात फुलांचे हार घातले. सौंदर्या ओक्साबोक्शी रडत हुती. बायका कुजबुजत हुत्या, सून बघा कशी, डोळ्यांत टिपूस न्हाय. मी तिच्यापुढं वाकलो, पायाला हात लावला आणि तिला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हटलं, “अव्वा, बघा, रांग मोडली न्हाय मी.”